कुठला कागद?

आमच्या सोसायटीच्या यंदाच्या वार्षिक सभेत एक ठराव आला: येत्या वर्षापासून कारभार 'पेपरलेस'. सभेची सूचना, ताळेबंद, पावत्या, इतिवृत्त, सगळं मोबाइलवर, कागद पूर्ण बंद. पाऊण तास चर्चा झाली. एका बाजूचं म्हणणं, कागद म्हणजे झाडांची कत्तल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हातात कागद असल्याशिवाय खात्री वाटत नाही, आणि पुस्तकाचा वास काही मोबाइलला येत नाही. ठराव बहुमतानं मंजूर झाला आणि मग सगळ्यांनी कागदी कपातून चहा घेतला. त्या कपांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला खटकलं ते हेच.

हा वाद मी पालकसभेतही ऐकलाय आणि सरकारी कचेऱ्यांच्या संदर्भात वर्तमानपत्रांतूनही वाचलाय. सगळीकडे त्याची हीच गत होते, कारण दोन्ही बाजू कागदाला एकच वस्तू समजून भांडतात. कागद असावा की नसावा, या प्रश्नातून हाती काही लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. विचारायचं ते एवढंच, की कोणत्या कामाला कोणता कागद, ते काम किती दिवसांचं, आणि काम संपल्यावर तो कागद जाणार कुठे. आज आपण नेमकं उलटं वागतोय. पुढं वर्षानुवर्षं दाखवावी लागेल अशी नोंद वर्षभरात कोऱ्या होणाऱ्या कागदावर छापतोय, आणि पाच मिनिटांच्या चहासाठी मातीतही न जिरणारा, रद्दीतही न खपणारा कागद वापरतोय.

ज्यांचा कागदाशी रोजचा संबंध आहे ते असा घोटाळा करत नाहीत. जूनमध्ये शाळा उघडल्या की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात खाकी कव्हर मागणाऱ्याला दुकानदार घोटीव कागद देत नाही, आणि पतंगी मागणाऱ्याला जिलेटिन देत नाही. छापखान्यात 'कागद द्या' असं कुणी म्हणतच नाही. तिथं मॅपलिथो, आर्ट, न्यूजप्रिंट, क्राफ्ट, लेजर (खातेवह्यांचा कागद) अशी नावं घेतात आणि पाठोपाठ वजन विचारतात, किती जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. वर्तमानपत्राचा कागद पन्नासच्या आतला, झेरॉक्सचा सत्तर-ऐंशीचा, लग्नपत्रिकेचा अडीचशे-तीनशेचा. नोटेचा कागद तर कापसाचा, म्हणून खिशात राहून धुतली गेली तरी नोट वाळवून चालवता येते. एवढे वेगळे जीव आपण एका शब्दात कोंबतो आणि मग त्या शब्दाच्या बाजूनं किंवा विरुद्ध हात वर करतो.

आमच्या घरी आजोबांची लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात १९३८ सालचं जमिनीचं खरेदीखत आहे, मुद्रांकाच्या जाड कागदावर. घडीवर चिरलंय, कडा तपकिरी पडल्यात, पण अक्षर न् अक्षर लागतं. खाली साक्षीदारांच्या सह्या आहेत, एकाचा अंगठा आहे. त्याच ट्रंकेत मी आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळची औषधांची बिलं जपून ठेवली होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून. दीड वर्षानं विम्याच्या कामासाठी मूळ बिलं मागितली गेली, तेव्हा पाकिटातून निघाले लांबट पांढरे कागद. खिडकीशी तिरके धरले की कुठंकुठं राखाडी रेघ दिसायची, तेवढीच. कागद धडधाकट होता, अक्षर तेवढं उडून गेलं होतं.

ही बिलं ज्यावर निघतात तो थर्मल कागद. त्यावर शाई नसतेच. कागदावर रसायनांचा लेप असतो, यंत्रातल्या उष्णतेनं तो काळा पडतो आणि अक्षर उमटतं. ऊन, तेलकट हात, गरम हवा, काही प्लॅस्टिकची पाकिटं, यातल्या कशानंही ते अक्षर विटतं. त्या लेपात बहुतेक वेळा बिस्फेनॉलच्या जातीचं, शरीराला अपायकारक मानलं जाणारं रसायन असतं, त्यामुळं तो रद्दीत मिसळणंही बरं नव्हे. एटीएमच्या चिठ्ठीला असा कागद चालेल, ती आपण तिथंच चुरगळतो. पण औषधाचं बिल, फ्रिजच्या हमीची पावती, कराची पावती? एसटीच्या जुन्या तिकिटांना कंडक्टर चिमट्यानं भोक पाडायचा. ती तिकिटं पुस्तकात खुणेला ठेवलेली आजही सापडतात आणि स्वच्छ वाचता येतात. त्यांना इतकं टिकायची काही गरज नव्हती, औषधाच्या बिलाला होती. ज्यांच्याकडे अशी बिलं आहेत त्यांनी आजच झेरॉक्स काढून ठेवावी. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आता झाडांच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडे येतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. लगदा करायला पाणी लागतं, रसायनं लागतात, आणि गिरणीचं काळं सांडपाणी शुद्ध न करता सोडलं तर नदीचा जीव जातो. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू दशकानुदशकं सवलतीच्या भावात कागदगिरण्यांकडे गेला, आणि त्याच जंगलाच्या काठावर टोपल्या विणून पोट भरणाऱ्या बुरडाला एकेका बांबूसाठी वनखात्याचं दार ठोठवावं लागलं. कागदाच्या नावावर झालेला हा अन्याय आहे आणि तो नाकारून कागदाची बाजू घेता येणार नाही.

पण त्यावर उत्तर कुणी शोधलं आणि कसं? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. गाव हटून बसलं, आणि एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मेंढ्याच्या लोकांनी बांबू तोडू नका असं म्हटलं नव्हतं. बांबू कुणाचा, भाव कोण ठरवणार आणि तोडताना कोवळे कोंब कोण राखणार, एवढाच त्यांचा सवाल होता. बांबू हे गवत आहे, नीट तोडलं तर बेट पुन्हा फुटतं. शिवाय १९८८ च्या वननीतीनं उद्योगांना सरकारी जंगलाऐवजी शेतकऱ्यांकडून लाकूड घ्यायला सांगितलं, म्हणून आज निलगिरी आणि सुबाभूळ बांधावरून, पडीक रानातून गिरणीत जातात. काही गिरण्या उसाच्या चोथ्यावर चालतात. आणि देशातल्या कागदाचा निम्म्याहून कितीतरी मोठा वाटा जुन्या कागदापासूनच बनतो. 'एक कागद वाचवा, एक झाड वाचवा' या वाक्यात बुरड बसत नाही, ऊस बसत नाही आणि रद्दीही बसत नाही.

रद्दीपाशी मला थोडं थांबायचंय, कारण कागदाबद्दल सगळ्यात खरं ज्ञान मला रद्दीच्या दुकानात मिळालं. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार गठ्ठा सोडतो आणि हात चालू ठेवूनच निवड करतो. वर्तमानपत्रं एका ढिगात, वह्या-पुस्तकांचा पांढरा माल दुसऱ्यात, पुठ्ठा तिसऱ्यात, उरलेला मिक्स. प्रत्येकाचा भाव वेगळा. वहीचं प्लॅस्टिकचं आवरण तो एका झटक्यात ओढून काढतो. लग्नपत्रिका आली की तिच्या कोपऱ्यात नख घालतो. नखाला पापुद्रा लागला, की पत्रिका बाजूला. मखमल चिकटवलेली, सोनेरी पत्रा दाबलेली, लॅमिनेशन केलेली पत्रिका तो फुकटही ठेवून घेत नाही. चहाचे कप नाहीत, चंदेरी मुलाम्याच्या पत्रावळी नाहीत, थर्मलच्या पट्ट्या नाहीत. बाकी सगळं तराजूत जातं, तिथून गिरणीत आणि पुन्हा खोकं होऊन आपल्या दारात. एक धागा असे पाच-सात जन्म घेतो, मग आखूड होत होत निकामी ठरतो. हे चक्र ज्यांच्या कष्टावर फिरतं त्या कचरावेचक बायकांनी पुण्यात १९९३ साली स्वतःची संघटना उभी केली, आणि तिच्या नावातला पहिलाच शब्द कागद आहे: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. 'कागद बंद' म्हणून ठराव करताना यांच्यापैकी कुणाला विचारलं होतं? सोसायटीच्या सूचनेचा साधा कागद तर त्यांच्या हातून हमखास गिरणीत पोचला असता. त्याच सभेतले शंभर कप मात्र कचराभूमीवर पडून राहणार.

कपांची गोष्ट अशी. महाराष्ट्रात जून २०१८ पासून प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली आणि ती योग्यच होती. पण टपरीवरचा पातळ प्लॅस्टिकचा कप गेला आणि त्याच्या जागी 'कागदी' कप आला, तेव्हा आपण समाधानानं मान डोलावली. नुसत्या कागदात चहा राहील कसा? कपाच्या आतून पॉलिथीनचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. म्हणजे प्लॅस्टिक पोटात, आणि कप ना कागदाच्या गिरणीत, ना मातीत. काचेचा ग्लास विसळणं एवढं जड झालंय का आपल्याला?

कागदावर जीव असणारेही इथं चुकतात. वर्तमानपत्रातला वडापाव, पेपरच्या पुडीतली भेळ यांच्या आठवणी काढून 'बघा, आपण किती काटकसरीनं कागद वापरायचो' असं ते सांगतात. काटकसर खरी होती. पण गरम, तेलकट वडा छापील कागदावर ठेवला की शाईतली रसायनं वड्यात उतरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या वेष्टनाबाबतच्या २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केली ती याच कारणानं. गाडीवाल्याची अडचणही मला कळते, कारण रद्दी त्याला स्वस्त पडते. तरी कोरा न्यूजप्रिंट किलोवर मिळतो, पळसाची पानं अजून बाजारात येतात. वाचून झालेलं वर्तमानपत्र कपाटात अंथरावं, काचेची भांडी गुंडाळावी, आरसा पुसावा. पुन्हा तेच: कुठला कागद, कुठल्या कामाला?

डिजिटलच्या बाजूनं याहून भक्कम मुद्दा एक आहे, आणि तो सभेत कुणी मांडलाच नाही. कागद ज्याच्या ताब्यात, सत्ता त्याच्या हातात. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालणं काय असतं हे ज्यानं भोगलंय, त्याला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मोबाइलवर काढता येणं म्हणजे सुटकाच वाटते. ती सुटका आहेच. शिवाय कागद जळतो आणि भिजतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाण्यात पुण्यातल्या किती घरांचे कागदपत्र चिखल झाले! २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या फायली जळून गेल्या. नक्कल दुसरीकडे ठेवलेली असती तर? तेव्हा कागदपत्रांच्या डिजिटल प्रती कराव्यात, झपाट्यानं कराव्यात, यावर माझं दुमत नाही.

दुमत पुढच्या पायरीवर आहे. 'स्कॅन झालं, आता मूळ कशाला?' हा प्रश्न मला भीतिदायक वाटतो. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हा आणि त्यानंतरही त्यांना गावोगाव पायपीट करावी लागली, ती वाळवी, पाऊस आणि वाण्याच्या पुड्या यांच्या तावडीतून जुनी दप्तरं सोडवण्यासाठी. घरातल्या लोकांना त्या मोडी कागदांचा उपयोग संपला असं प्रामाणिकपणे वाटत होतं. उपयोग संपला की नाही हे त्या त्या पिढीला कळत नाही, हे त्या कागदांनी शिकवलंय. अगदी ताजं उदाहरण घ्या. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, त्या शोधात काय उघडलं गेलं ते पाहा: शाळांची जनरल रजिस्टरं, कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या नोंदी, रुमालात बांधलेली मोडी दप्तरं. मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यातून बोलावणी गेली. शंभर वर्षांपूर्वी ते रजिस्टर लिहिणाऱ्या मास्तरांना या दिवसाची कल्पना असणं शक्यच नव्हतं. माझ्या स्वतःच्या वीस वर्षांपूर्वीच्या सीडी मात्र आज घरातल्या कुठल्याही यंत्रात जात नाहीत.

मतदानाचंही तेच झालं. यंत्र आल्यावर कागद गेला असं वाटलं होतं. पण यंत्रानं नोंदवलेलं मत खरं मानायचं कशावरून, हा प्रश्न उठला आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं व्हीव्हीपॅटची चिठ्ठी आली. मतदाराला ती सात सेकंद काचेआड दिसते आणि मग पेटीत पडते. त्या सात सेकंदांत आपण विश्वास कागदावरच टाकतो.

पण 'कागद टिकतो' हे वाक्यही सरसकट खरं नाही, आणि इथं कागदप्रेमींना माझा सगळ्यात कडक सवाल आहे. पेशवाईतलं पत्र आज उघडलं तर घडी मोडत नाही. जुन्नरचा, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद चिंध्या, ताग, गोणपाट असल्या लांब धाग्यांच्या मालाचा असायचा. चुन्याच्या पाण्यात मुरवून कुटायचा, ताव काढायचा, खळ द्यायची आणि दगडानं घोटायचा. याउलट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एखाद्या मासिकाचा बांधीव खंड ग्रंथालयात उघडून पाहा. पान उलटताना कोपरा हातात येतो आणि टेबलावर तपकिरी भुगा पडतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात लाकूड दळून स्वस्त लगदा करायची रीत निघाली, तुरटी आणि राळेची खळ आली, आणि कागदात आम्ल राहू लागलं. ते आम्ल धागे आतून तोडत राहतं. आपल्या नियतकालिकांचा सगळा जोमाचा काळ नेमका या कागदावर छापला गेलाय. ते खंड आधी स्कॅन व्हायला हवेत, कारण तिथं मूळच मरणपंथाला लागलंय.

आपल्या सरकारी दप्तराला ही दृष्टी अर्धी आहे. अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्ग पाडलेले आहेत: काही कायम ठेवायचे, काही तीस वर्षं, काही थोडी वर्षं, काही वर्षभरच. मुदत संपली की निंदणीकरण, म्हणजे शेतातलं तण काढावं तशी नको त्या कागदांची छाटणी. किती नेमका विचार! पण तो मजकुरापाशीच थांबतो. 'अ' वर्गातला आदेश आणि 'ड' वर्गातलं रजेचं पत्र एकाच रिममधून ओढलेल्या कागदावर निघतं. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ पासून आहे. अमेरिकेनं १९९० साली कायदा करून कायमच्या मोलाच्या नोंदी आम्लमुक्त कागदावर ठेवण्याचं धोरण जाहीर केलं. आपल्याकडे फेरफार नोंदवही, जन्ममृत्यूचं रजिस्टर, ग्रामसभेचं इतिवृत्त एवढ्यापुरता तरी असा कागद सक्तीचा करायला काय अडचण आहे? आणि 'ड' वर्गातलं सगळं उद्यापासून पडद्यावर न्यावं, मी हरकत घेणार नाही.

काम न ओळखता कागद वापरला की काय होतं ते बालभारतीच्या पुस्तकांत दिसलं. २०२३-२४ मध्ये दप्तराचं ओझं कमी करायला पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. हेतू चांगला होता, ज्यांना वही परवडत नाही त्यांचाही विचार त्यात होता. पण पाठ्यपुस्तक धाकट्या भावंडाकडे जायचं असतं, वही भरून संपायची असते. दोघांची आयुष्यं एकाच बांधणीत शिवली, की लिहिलेलं पुस्तक पुढच्या मुलाला देता येईना आणि पानं पुरेनात म्हणून वही घ्यावीच लागे. जानेवारी २०२५ मध्ये निर्णय मागं घेतला गेला.

सभेनंतर आठवड्यानं मी समितीला पत्र दिलं, अर्थात कागदावर. सूचना आणि महिन्याची बिलं मोबाइलवर यावीत, त्याला माझा पाठिंबाच आहे. इतिवृत्त आणि सभासदांची नोंदवही मात्र बांधीव रजिस्टरात, लेजर कागदावर, शाईच्या पेनानं लिहावी, आणि त्याचं स्कॅन वेगळं ठेवावं. पावत्या थर्मलवर देऊ नयेत. चहाला स्टीलचे पेले घ्यावेत, विसळायला मी येईन. समितीनं पेल्यांचं लगेच मान्य केलं, रजिस्टर तुम्हीच आणा म्हणाले.

दुकानात गेलो. दुकानदारानं समोरच्या फळीवरचं एक रजिस्टर काढलं, मग थबकला, स्टुलावर चढून वरच्या फळीवरून लाल कापडी पाठीचं दुसरं काढलं आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवली. "रोजच्या हिशेबाला पाहिजे, का ठेवायला?"

"ठेवायला," मी म्हटलं.